कंट्रोलचा फ्लास्क गढूळ होता

ज्या फ्लास्कमध्ये काहीही उगवायला नको होतं, त्यात उगवलं होतं. मार्चच्या अखेरची सकाळ. फ्लास्क सतत हलवत ठेवणाऱ्या शेकरवरून तो उचलला, खिडकीच्या उजेडासमोर धरला, आणि काचेपलीकडची माझीच बोटं मला दिसेनात. त्या द्रावणात साखर होती, क्षार होते, जीवनसत्त्वं होती. फक्त नायट्रोजन मी मुद्दाम घातलेला नव्हता. नायट्रोजन नसेल तर प्रथिनं बनत नाहीत आणि प्रथिनं नसतील तर पेशी वाढत नाहीत. हा फ्लास्क म्हणजे माझा कंट्रोल, बाकीचे ज्याच्याशी ताडून पाहायचे तो. तो पाण्यासारखा स्वच्छ राहणं ही माझ्या साऱ्या कामाची पहिली अट होती. मी तो खाली ठेवला. दोन्ही हातांनी ठेवला.

शेजारच्या फ्लास्कमध्ये बाकी सगळं तेच होतं, वर फेनिलॲलानिन नावाचं एक अमिनो आम्ल. तिथे वाढ भरपूर होती, नेहमीपेक्षा जास्तच. कापसाचा बोळा काढून वास घेतला. पाव पाण्यात भिजवून ठेवल्यासारखा वास आला. थंडीत याच फ्लास्कमधून दुसऱ्या दिवशी गुलाबाचा वास यायचा. आता तो नव्हता.

माझ्या फ्लास्कांत वाढतं ते यीस्ट, म्हणजे पीठ आंबवणारी सूक्ष्म बुरशी. यीस्टला अमिनो आम्ल अख्खं नको असतं. त्याला हवा असतो त्यातला नायट्रोजन. ज्या गटात तो नायट्रोजन असतो तेवढा गट ते काढून घेतं आणि त्यावर स्वतःची प्रथिनं उभारतं. उरलेला कार्बनचा सांगाडा त्याच्या फारसा कामाचा नसतो. भुईमुगाच्या शेंगा खाताना आपण दाणा तोंडात टाकतो आणि टरफल बाजूला करतो, तसंच. फरक एवढाच की यीस्ट हे टरफल जसंच्या तसं टाकत नाही. त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडतं, उरलेल्याचं अल्कोहोल करतं आणि मग पेशीबाहेर ढकलतं. ल्युसीनच्या टरफलाला हातभट्टीचा उग्र दर्प असतो, मेथिओनिनच्या टरफलाला उकडलेल्या बटाट्याचा. फेनिलॲलानिनचं टरफल मात्र गुलाबासारखं दरवळतं. अत्तरवाले आणि मिठाईवाले ज्याच्या शोधात असतात, तो हाच वास. माझं यीस्ट तो स्वस्तात आणि भरपूर देतं, एवढाच माझा दावा होता. दावा छोटा होता, पण त्यावर माझं सगळं उभं होतं.

सगळं म्हणजे काय, ते सांगते. मी लातूरच्या एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात काम करते. माझ्या मार्गदर्शक मॅडम नांदेडला, विद्यापीठात. एप्रिलच्या शेवटी नांदेडला समिती बसणार होती. माझं आजवरचं काम पाहून फेलोशिप पुढे चालू ठेवायची की थांबवायची, हे ती ठरवणार होती. फेलोशिप थांबली तर संशोधन थांबणार आणि मी अहमदपूरला परत जाणार. तिथे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत, आई अंगणवाडी सेविका. घर उपाशी राहिलं नसतं. पण आमच्या वस्तीतून, एकोणीसशे छप्पननंतरच्या कुठल्याच पिढीतून, प्रयोगशाळेपर्यंत कोणी आलेलं नव्हतं, आणि आमच्या घरात एक गोष्ट कधीही न बोलता शिकवली गेली आहे: दुसऱ्याची चूक त्याची एकट्याची असते, आपली चूक आपल्या सगळ्यांच्या नावावर लिहिली जाते. थंडीतले निकाल मॅडमनी एका परिषदेला आधीच पाठवले होते. आता गुलाबाचा वास येईना. कंट्रोल गढूळ. मला ऐकू येत होतं ते एकच वाक्य: हिनं खोटं मांडलं होतं.

हे यीस्ट मी लातूरजवळच्या मुरुडच्या एका रसवंतीतून आणलं होतं, चरकाखालच्या ओल्या फडक्यावरून. त्यामुळे प्रयोगशाळेत त्याचं नाव मुरुडकर पडलं. नाव ठेवलं ते माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या दादांनी. दादा हदगावचे, माझ्यापेक्षा बरेच पुढे गेलेले. सोयाबीनच्या पेंडीतली प्रथिनं मोजणं हा त्यांचा विषय. रोज सकाळी ते विचारायचे, तसं त्या दिवशीही विचारलं.

“काय म्हणून राहिला तुझा मुरुडकर?”

“बोलत नाही, दादा.”

“रुसला असंल. नांदेडला सासरी न्यायचं म्हणलं की कोणीबी रुसतंय.”

एरवी मी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मी गढूळ फ्लास्क त्यांच्यासमोर धरला. ते हसायचे थांबले. “हा कंट्रोल हाय?” एवढंच त्यांनी विचारलं आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. त्यांच्या त्या बसण्यानं मी अधिक घाबरले.

शक्यता तीन होत्या. एक, बाहेरचा कुठला तरी जीव फ्लास्कमध्ये शिरला आहे. दोन, माझं यीस्ट बदललं आहे. तीन, थंडीतले निकालच चुकीचे होते. पहिली शक्यता सूक्ष्मदर्शकाखाली तासाभरात संपली. सगळीकडे तेच अंडाकृती, अंगाला कोंब फुटलेले मुरुडकर. दुसरीसाठी मी शीतकपाटात जपून ठेवलेली जुनी कुपी उघडली, त्यातून नवं यीस्ट वाढवलं. तेही कंट्रोलमध्ये उगवलं आणि फेनिलॲलानिनवर वास न देता उगवलं. राहिली तिसरी.

तिसरीकडे मी सरळ पाहू शकत नव्हते. हवेतला नायट्रोजन कुठल्याही यीस्टला वापरता येत नाही, हे मला माहीत होतं. म्हणजे कुठून तरी दुसरा नायट्रोजन येत होता. अमोनियासारखा तयार नायट्रोजन मिळाला तर यीस्ट फेनिलॲलानिनसारख्या अवघड अन्नासाठीची दारंच बंद करून घेतं, हेही मला माहीत होतं. म्हणून मी साखर बदलली, क्षारांच्या नव्या बाटल्या फोडल्या, जीवनसत्त्वं नव्यानं विरघळवली, सगळी काच आम्लात बुडवून स्वच्छ केली. प्रत्येक बदलानंतर दोन दिवस वाट पाहायची, आणि दोन दिवसांनी फ्लास्क उजेडासमोर धरायचा. प्रत्येक वेळी तो गढूळच निघायचा.

मॅडमना फोन केला.

“किती वेळा झालं हे?”

“प्रत्येक वेळी, मॅडम.”

“मग कंट्रोल खरं बोलतोय. तुझी कुठली तरी बाटली खोटं बोलते. शोधून काढ.”

“मॅडम, थंडीतलंही असंच काही असेल तर...”

“असेल तर तेही सांगू. हे बघ, घाबरायचं असेल तर घाबर. पण बाटल्यांना नंबर देऊन घाबर.”

मी नंबर दिले. त्याचा उपयोग झाला नाही, कारण ज्या एका गोष्टीला नंबर द्यायला हवा होता ती मला बाटलीतली वस्तू वाटतच नव्हती.

लातूरमध्ये पाण्याविषयीच्या काही सवयी अंगात भिनलेल्या असतात. मी अकरावीला इथे आले तेव्हा शहराला आगगाडीनं पाणी येत होतं. भाज्या धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी झाडाला, हे आम्हाला कोणी सांगावं लागत नाही. आमच्या प्रयोगशाळेत पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून शुद्ध पाणी मिळवायचा काचेचा संच आहे. पण एका बाटलीभर शुद्ध पाण्यासाठी तो कितीतरी घागरी पाणी नुसतं थंडाव्याकरता नळीतून मोरीत सोडतो. उन्हाळ्यात तो चालवणं आमच्याकडे कोणाच्या मनातही येत नाही. ऊन तापायला लागलं की त्याचा नळ बंद होतो आणि यंत्रांच्या खोलीतल्या एसीच्या नळीखाली पांढरा कॅन लागतो. हवेतली वाफ थंड पत्र्यावर जमते आणि थेंबाथेंबानं कॅनमध्ये उतरते. वाफेचंच पाणी झालं, म्हणजे शुद्धच, असं आमचं सरळ गणित. इन्व्हर्टरच्या बॅटरीत तेच, दादांच्या काचा विसळायला तेच, माझ्या द्रावणातही तेच. कॅन भरला की मला समाधान वाटायचं. पाणी संपेल याची भीती मला लहानपणापासून माहीत होती. हातात आलेल्या पाण्यावर संशय घ्यायची वेळ कधी आली नव्हती.

एप्रिल उजाडला. आता मी स्वतःच्या नाकावर संशय घेऊ लागले. गुलाबाचा वास मोजणारं यंत्र नांदेडला, त्याची रांग लांब. रोजचं काम नाकावरच चालायचं. थंडीत तो वास खरंच आला होता, की मला हवा होता म्हणून आला? खोलीवर साबण हुंगून पाहायची, फोडणीतली मोहरी हुंगायची. मेसमधली मैत्रीण म्हणाली, “तुला काही झालंय का गं?” मी नाही म्हणाले आणि ताटातला लिंबाचा तुकडा नाकाशी धरला.

दादांनी एकदा हळूच सुचवलं. “एक बोलू? कंट्रोल दाखवायलाच पाहिजे असं कुठं हाय? थंडीतला फोटो लाव. समितीतल्या कोणाला सवड हाय इचारायला?”

ते माझ्या काळजीनं बोलत होते, हे मला कळत होतं. त्या संध्याकाळी मी संगणकावर सादरीकरण उघडलं, गढूळ कंट्रोलच्या पानावर गेले आणि ते पान काढलं तर पुढचं पान मागच्याला नीट जुळतं का, हे पाहिलं. जुळत होतं. अगदी सफाईनं जुळत होतं. तेव्हा आलेली भीती आधीच्या सगळ्या भीतींहून वेगळी होती. मी पान होतं तिथे ठेवलं आणि संगणक बंद केला.

चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी घरी जायचंच होतं. जाण्यापूर्वी मी नवे फ्लास्क लावून गेले, आशेनं नाही, सवयीनं. अहमदपूरला निळे झेंडे, वस्तीच्या तोंडाशी मांडव, मिरवणुकीत पुढे बायका. आमच्या गल्लीतली एक काकू दरवर्षी गुलाबदाणी घेऊन कमानीजवळ उभी राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर गुलाबपाणी शिंपडते. तिनं माझ्यावर दोनदा शिंपडलं. एकदा सगळ्यांसारखं, आणि एकदा, “ही आमची सायंटिस्ट!” असं ओरडून. लोक वळून पाहू लागले. मी भिजलेली ओढणी सावरत गर्दीत शिरले.

रात्रीच्या जेवणाला आईनं ताट पुढे केलं.

“लई वाळलीस. तुझं ते आंबवण जेवतंय अन् तू उपाशी राहतीस का?”

“प्रयोग बिघडलाय, आई.”

“मंग दुरुस्त कर. तुझे पप्पा अख्खी गाडी खोलतेत अन् परत लावतेत.”

“गाडीचे भाग डोळ्यांना दिसतात.”

“आन् तुझे?”

“माझे दिसत नाहीत.”

आईनं ताटात भाजी वाढली. मग म्हणाली, “तिथं कोणी काही बोललं का तुला? खरं सांग.” मी नाही म्हणाले. कोणीच काही बोललं नव्हतं. ते अजून बोलायचे होते.

परत आले तेव्हा फ्लास्क शेकरवर तसेच फिरत होते. एरवी मी दोन दिवसांनी पाहून काच धुवायला टाकते. हे जयंतीमुळे जास्त दिवस राहिले होते. धुण्यासाठी फेनिलॲलानिनच्या फ्लास्कचा बोळा उपटला, आणि गुलाब.

मी बोळा परत लावला आणि मागे सरकले. माझ्या गळ्यात तीच ओढणी होती, कमानीखालची. अर्थात. मी ओढणी काढली, पिशवीत कोंबली, पिशवी व्हरांड्याच्या टोकाला नेऊन ठेवली, हात कोपरापर्यंत धुतले. परत येऊन बोळा काढायला हात पुढे केला, पण काढला नाही. मला माझ्या नाकाचं उत्तर नको होतं. तेवढ्यात दादा आत आले आणि दारातच थांबले.

“अगरबत्ती कोणी लावली?”

त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि तीन फ्लास्क एकामागून एक त्यांच्या नाकाखाली धरले.

“मला काय जावई पाहायला बोलावलं का?”

“दादा, गंमत नको. सांगा.”

“पहिल्याला काही न्हाई. दुसरा... दुसरा गुलकंद. तिसऱ्याला काही न्हाई.” ते वळले, आणि माझा चेहरा पाहून म्हणाले, “बस खाली. पाणी पी आधी.”

मी बसले. दुसरा फ्लास्क फेनिलॲलानिनचा होता; पहिला आणि तिसरा कंट्रोलचे. वास नाहीसा झालेला नव्हता. तो उशिरा येत होता. उशीर का होईल? आधी दुसरं काही खायला असेल तर. यीस्टनं सोपं अन्न पुरतं संपवलं, आणि मगच अवघड अन्नाची दारं उघडली. कंट्रोलमध्ये तेच सोपं अन्न खाऊन ते वाढलं आणि तिथंच थांबलं. थंडीत ते सोपं अन्न नव्हतं. आता आहे. सगळ्या बाटल्या मी बदलल्या. मग सगळ्या बाटल्यांत समान काय?

दादांनी माझ्यापुढे ठेवलेल्या पेल्याकडे मी पाहिलं. त्यात पाणी होतं.

अमोनिया ओळखायचं द्रावण आमच्या कपाटात असतं. थोडाही अमोनिया असला की दोन थेंबांत पाणी पिवळं पडतं, जास्त असला तर विटकरी. मी एसीखालच्या कॅनमधलं पाणी परीक्षानळीत घेतलं, थेंब सोडले. रंग हळदीच्याही पुढे गेला. पिण्याच्या माठातलं पाणी घेतलं, त्यात काहीच झालं नाही. पुन्हा कॅनचं घेतलं. पुन्हा तोच रंग.

“पण एसीत अमोनिया कुठून येईल?” मी मोठ्यानं म्हणाले, आणि उत्तर माझ्या पाठीमागे उभं होतं.

सोयाबीनची पेंड आम्लात उकळायची, मग त्यात अल्कली घालून तिचा सगळा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात उडवायचा, तो पकडायचा आणि मोजायचा. दादांची पद्धत ही. त्यांचा संच थंडीत पलीकडच्या खोलीत असतो. उन्हाळ्यात नळाचं पाणी इतकं तापतं की संच थंड राहत नाही, आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून दादा बादलीतलंच बर्फाचं पाणी पुन्हापुन्हा फिरवतात. बर्फ जास्त टिकावा म्हणून मार्चमध्ये त्यांनी संच एसीच्या खोलीत हलवला होता. रबरी बुचाच्या सांध्यातून निसटलेला अमोनिया त्या बंद खोलीत राहायचा, एसीच्या ओल्या पत्र्यावर विरघळायचा आणि कॅनमध्ये उतरायचा. दर्प होताच, आमच्या नाकांना त्याची सवय झाली होती. एकानं पाणी वाचवलं, दुसरीनं पाणी वाचवलं, आणि दोघांच्या मधोमध माझा कंट्रोल गढूळ झाला.

दादांनी परीक्षानळी उजेडाला धरली. “म्हणजे महिनाभर माझं सोयाबीन तुझा मुरुडकर खाऊन राहिला होता!” ते मोठ्यानं हसले, मीही हसले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. “मीबी ह्याच पाण्यानं सगळं विसळलंय. माझे आकडे...” ते त्यांच्या टेबलाकडे गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. भीती माझ्याकडून त्यांच्याकडे गेलेली मी पाहिली, आणि मला हलकं वाटलं, याची लाजही वाटली. नंतर आम्ही दोघांनी मिळून त्यांचे मार्चनंतरचे नमुने पुन्हा लावले.

त्याआधी शुद्ध पाण्याचा संच सुरू करावा लागला. नळ उघडला आणि थंडाव्याचं पाणी मोरीकडे वाहू लागलं, तशी सगळी प्रयोगशाळा दारात जमली. एकेक जण बादल्या घेऊन आला. ते पाणी मुलींच्या प्रसाधनगृहाच्या पिंपात गेलं, कुंड्यांत गेलं, कूलरमध्ये गेलं. मी संचासमोर उभी राहून थेंब पडताना पाहत होते आणि प्रत्येक थेंबाचा हिशेब मागायला कोणी येईल असं वाटत होतं. पहिल्या बाटलीतलं पाणी तपासलं. रंग आला नाही. पुन्हा तपासलं. नाही आला.

नवे फ्लास्क लावले. दुसऱ्या दिवशी कंट्रोलपलीकडे वर्तमानपत्र धरलं तर त्यातली बारीक अक्षरं वाचता येत होती. फेनिलॲलानिनमध्ये वाढ बेताची होती आणि वास होता. दादांनी दोन्ही हुंगले, मेसमधल्या मैत्रिणीला बोलावून तिलाही हुंगायला लावले. नमुने नांदेडच्या यंत्राकडे पाठवले. तरी मला झोप आली नाही. महिनाभर रोज घाबरलेलं शरीर एका स्वच्छ फ्लास्कवर विश्वास ठेवत नाही.

समितीच्या दिवशी थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन मी पहाटेच्या नांदेड गाडीत बसले. डब्यात तीन फ्लास्क: जुना गढूळ कंट्रोल, नवा स्वच्छ कंट्रोल, आणि वासाचा. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. आई भाकरीचं फडकं घेऊन फलाटावर उभी होती. मी खिडकीतून डबा उघडला.

“आई, डोळे मिट आणि वास घे.”

“स्टँडवर डोळे मिटू? पर्स जाईल माझी.”

तरी तिनं मिटले, पर्स काखेत घट्ट धरून. पहिला फ्लास्क. “काही न्हाई. साखरपाणी.” दुसरा. तिचे डोळे उघडलेच. “आगं, हे तर जयंतीचं पाणी! काकूच्या गुलाबदाणीतलं भरून आणलंस व्हय?”

कंडक्टरनं घंटी दिली. आई खिडकीबरोबर चार पावलं चालली, “भाकर खा, तशीच ठेवू नको,” असं म्हणत. मला आनंद व्हायला हवा होता. मी विचार करत होते की तिनं माझा चेहरा वाचला असेल, मला काय ऐकायचं आहे ते तिला कळलं असेल. मग आठवलं, की हा वास गुलाबाचा असतो हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिला वाटायचं मी आंबवणावर काम करते. हे आठवायला मला वाटेतलं लोहा यावं लागलं. त्यानंतर मी भाकरी खाल्ली.

विद्यापीठात मॅडम जिन्यात भेटल्या. यंत्राचा आलेख आदल्या दिवशी निघाला होता. गुलाबाच्या वासाचं शिखर जिथे यायला हवं तिथेच होतं. “आधी चांगला निकाल दाखव,” त्या म्हणाल्या. “मग बाकीचं.”

मी आत गेले. टेबलापलीकडे तिघे जण: दोन सर आणि एक बाई. सादरीकरण सुरू झालं आणि माझ्याही नकळत मी मॅडमचा क्रम मोडला. पहिला गढूळ फ्लास्कच टेबलावर ठेवला. मॅडम मागच्या रांगेत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मार्च आणि एप्रिलमधले सगळे निकाल बाद धरावेत असं मी सांगितलं, आणि का ते सांगितलं. एसीचा कॅन, सोयाबीन, रबरी बूच, काहीच गाळलं नाही.

ज्येष्ठ सरांनी चष्मा काढला. “हे तुम्ही आम्हाला का दाखवता आहात? थंडीतले निकाल पुरेसे होते.”

“थंडीतले निकाल खरे आहेत हे मला यानंच कळलं, सर. अमोनिया असला की वास उशिरा येतो, नसला की दुसऱ्या दिवशी येतो. म्हणजे हे यीस्ट तो वास फेनिलॲलानिनचा नायट्रोजन घेतानाच देतं.”

त्यांनी फ्लास्क उचलला, बोळा काढला, हुंगला. चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही.

“मला सर्दी आहे,” ते म्हणाले आणि फ्लास्क बाईंकडे दिला.

बाईंनी हुंगला. मग पुन्हा हुंगला, आणि बोळा परत लावायला विसरून आलेख मागितला. आलेख हातोहात फिरला. भिंतीपलीकडे कुठे तरी एकसारखं टप, टप ऐकू येत होतं. सरांनी मान वर करून भिंतीवरच्या एसीकडे पाहिलं. मग मॅडमकडे.

“आपल्याकडे याचं पाणी कुठे जातं हो?”

“कॅनमध्ये, सर,” मॅडम म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, “आम्हीही तेच वापरतो.”

त्यानंतर मला फारसं काही विचारलं गेलं नाही. ते तिघं आपापल्या प्रयोगशाळांविषयी एकमेकांशी हलक्या आवाजात बोलत राहिले. मला बाहेर थांबायला सांगितलं, आणि थोड्या वेळानं मॅडम व्हरांड्यात आल्या. “चालू राहील. कागद नंतर येईल.” मी भिंतीला टेकले. “आणि ते पिवळं करणारं द्रावण लातूरहून थोडं पाठव,” त्या म्हणाल्या. “आमचं संपत आलंय.”

परतीच्या गाडीत माझ्या पायाशी शुद्ध पाण्याचे दोन कॅन होते. मॅडमनी खात्रीच्या संचातून काढून, तपासून दिलेले. कंडक्टरनं तिकीट फाडताना ते पाहिले.

“लातूरला पाणी घेऊन चालल्या का, ताई? आता तिथं धरण भरतंय की!”

शेजारच्या सीटवर एक म्हातारी आजी होती. लोह्याच्या पुढे ऊन खिडकीतून थेट आत येत होतं. तिनं माझ्या पायाशी बोट दाखवलं. “लेकी, घोटभर दे की. घसा वाळला.” माझी बाटली रिकामी होती. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायला आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. मी एका कॅनचं सील तोडलं आणि तिच्या तांब्यात पाणी ओतलं. ती घटाघटा प्याली आणि म्हणाली, “चवच न्हाई गं ह्याला.”

“नसतेच, आजी.”

लातूरला पोचल्यावर तो कॅन मी दुसऱ्यापासून वेगळा ठेवला आणि त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं: उघडलेला. वापरण्याआधी तपासा.